सोनीबाईंची बातमी

नीलमने पदर डोक्यावरून घेऊन खांद्यापाशी टाचणी लावली आणि खुर्ची कॅमेऱ्यासमोर सरकवली, तेवढ्यात दारात कुणीतरी उभं असल्याचं तिला जाणवलं. धोतर, टोपी, हातात काढून घेतलेल्या वहाणा. माणूस पन्नाशीच्या पुढचा असावा. आत यावं की नाही हे न कळून तो उंबऱ्याबाहेरच थांबला होता.

"काय काम होतं, काका?"

"बातमी द्यायची व्हती," तो म्हणाला. "हितंच देत्यात ना? खाली दुकानात इचारलं, तर वर जा म्हनले."

कापडदुकानावरच्या या खोलीतून रोज संध्याकाळी नारायणगाव आणि शेजारच्या वारूळवाडीतल्या टीव्हींवर गावच्या बातम्या जात. केबल नीलमचा धाकटा दीर जिनेश चालवायचा. बातम्या वाचायचं काम वर्षभरापूर्वी नीलमकडे आलं होतं. डोक्यावरचा पदर ढळता कामा नये, एवढ्या अटीवर सासऱ्यांनी, पन्नालालजींनी, होकार दिला होता. बातम्या तरी कसल्या? कुणाचा दशक्रिया विधी नदीकाठी कधी आहे, कोणत्या आळीला उद्या पाणी येणार नाही, टोमॅटोच्या गाड्यांनी रस्ता कसा अडला, शाळेचं स्नेहसंमेलन कसं पार पडलं. पण लोक जेवणाची ताटं पुढ्यात घेऊन ऐकायचे. भाजी घेताना अनोळखी बायका तिला थांबवून म्हणायच्या, "काल आमच्या मामंजींचं नाव किती चांगलं घेतलंत." घरात दिवसभर कुणी तिला नावाने हाक मारत नसे. इथे ती इतरांची नावं घ्यायची, आणि ते तिला मनापासून आवडायचं.

"आत या ना. कसली बातमी?"

तो आत आला आणि भिंतीला लागून उभा राहिला.

"आमची मंडळी हरवलीय. सोनीबाई. मी कुशाबा. कोपरे गावच्या वरल्या वाडीवर, डोंगरात असतो आमी. ओतूरच्या बाजाराला आलो व्हतो दोघं. मी हरभरं घ्याया गेलो, माघारी येतो तर ही न्हाई. कुनी म्हनलं, नारायनगावच्या गाडीत बसताना दिसली."

"पोलिसांत कळवलं?"

"कळवलं. बघतो म्हनले."

त्याने बंडीच्या खिशातून सोनीबाईंचं निवडणुकीचं ओळखपत्र काढून दिलं. त्यावरचा फोटो इतका काळवंडलेला होता की, ती बाई आहे एवढंच कळावं. दुसरा फोटो नव्हता. नीलमने विचारून विचारून लिहून घेतलं. हिरवं लुगडं, सावळा रंग, बांधा बारीक, उजव्या हातावर गोंदण.

"घरात काही भांडण वगैरे?"

"भांडान?" त्याने टोपी सारखी केली. "न्हाई. आमच्यात बोलनंच कमी."

"मुलंबाळं?"

कुशाबाने वहाणा एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या.

"न्हाईत."

"भाभी, वेळ झाली," जिनेश कॅमेऱ्यामागून म्हणाला.

नीलमने ती बातमी सगळ्यात आधी वाचली. कोपऱ्यातल्या टीव्हीत तिचा चेहरा दिसत होता आणि कुशाबा तिच्याकडे पाठ करून त्या टीव्हीकडे बघत होता. सोनीबाईंचं नाव आलं तेव्हा त्याने वहाणा जमिनीवर ठेवल्या आणि टीव्हीला हात जोडले.

त्यानंतर तो दर बाजारच्या दिवशी येऊ लागला. कुठून पत्ता लागला का, एवढंच विचारायचा. एकदा तांदळाची पुरचुंडी घेऊन आला. नीलम नको म्हणाली, तर म्हणाला, "घरचा हाय, ताई. खानारं कोन हाय तिथं?" नीलम रोज ती बातमी वाचत राहिली. "भाभी, लोक कंटाळतील," जिनेश म्हणाला, तरी तिने ऐकलं नाही. सकाळी देवळात हात जोडल्यावर स्वतःसाठी मागायच्या आधी ती त्या न पाहिलेल्या बाईसाठी मागू लागली.

एका दुपारी जिनेश तार जोडायला गेला होता आणि नीलम एकटीच संध्याकाळच्या बातम्या लिहीत बसली होती. जिन्यावर पावलं वाजली. बाई वर आली, धाप लागली म्हणून दाराला धरून उभी राहिली. अंगावर निळं, जरा भारीतलं लुगडं. दाराच्या चौकटीवर टेकलेला हात गोंदलेला होता.

"टीव्हीत माझं नाव घेता, त्या तुमीच ना?"

नीलम उठून उभी राहिली. "सोनीबाई?"

"तेवढं नाव घ्यायचं बंद करा, ताई. ह्येच सांगाया आले व्हते."

नीलमने तिला हाताला धरून खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. बाईने ते सावकाश, पूर्ण प्यायलं. वारूळवाडीत एका बागायतदाराकडे ती बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला राहिली होती. त्या घरची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती.

"त्यांनी ओळखलं नाही तुम्हाला? रोज बातमी लागते."

"तिथं मला मावशी म्हनत्यात. नाव कुनी इचारलं न्हाई. लुगडं बी त्यांनीच दिलंय ह्ये. लई चांगली मानसं हायेत."

"काका दर बाजाराला येतात, मावशी. वाळून गेलेत."

"म्हाईत हाय. येक डाव लांबून बघितलं मी, स्टँडवर."

"मग का आलात निघून? मारायचे का?"

"न्हाई न्हाई. बोट लावलं न्हाई कदी. दारू न्हाई, काय न्हाई. मानूस लई चांगला."

नीलमने पाण्याचा तांब्या बाजूला ठेवला. मग म्हणाली, "मुलंबाळं नाहीत, असं सांगितलं त्यांनी."

सोनीबाईंनी मान हलवली. तसंच सांगणार हे त्यांना आधीपासून ठाऊक असावं.

"येक लेक व्हती. प्रतिभा." ते नाव त्यांनी अगदी सावकाश उच्चारलं. "एकुलती. घोडेगावच्या अंगाला दिलेली. पयल्या बाळंतपनाला घरी आनली. पावसाचं दिस. वढ्याला पूर, गाडी वर येईना. झोळी करून निगालो. बांबूचं फुडलं टोक ह्यांच्या खांद्यावर, मागलं शेजाऱ्याच्या, मी मागनं चालत. डांबरी रस्त्याला लागायच्या आत गेली. पोटातलं बी गेलं."

खाली दुकानात कुणीतरी कापड टरकावलं, तो आवाज वर आला.

"दहावा करून आलो आन् म्हनले, आता घरात तिचं नाव काढायचं न्हाई. तिची लुगडी, भांडी, समदं देऊन टाकलं. कुनी पावनं आलं आन् तिचा इषय निगाला, तर उठून जायचे. मी चुलीपाशी बसून डोळं पुसाया लागले, तर भाईर निगून जायचे. दोन पावसाळं झालं, ताई. रडाया बी नाव लागतं. म्या कुनाच्या नावानं रडू?"

नीलम सोनीबाईंजवळ जमिनीवर बसली.

"तिथली बाळंतीन इचारती, मावशी, तुमाला लेक हाय का? तिला सांगती मग. ती कशी चालायची, तिला काय आवडायचं. लई सांगती. पोरगी बी ऐकती बिचारी." सोनीबाई उठल्या. "ते आले म्हंजी जिती हाय एवढं सांगा. ठिकाना सांगू नका." नीलमने मान डोलावली.

त्या संध्याकाळी नीलमने ती बातमी वाचली नाही.

"भाभी, ती हरवलेली बाई राहिली," जिनेश नंतर म्हणाला.

"आता लागणार नाही ती."

"सापडली?"

नीलमने पदराची टाचणी काढली आणि ती डबीत ठेवून दिली.

पुढच्या बाजारी कुशाबा आला तेव्हा ती त्याची वाटच बघत होती. त्याला तिने बसायला सांगितलं. तो खुर्चीवर न बसता जिन्याच्या वरच्या पायरीवर बसला. नीलम दाराशी उभी राहिली.

"त्या सुखरूप आहेत, काका. मला भेटून गेल्या."

कुशाबा ताडकन उठला. "कुठं हाय?"

"ते मला सांगता येणार नाही. मी शब्द दिलाय."

"तब्येत?"

"बरी आहे. चांगल्या घरी आहेत."

तो पुन्हा खाली बसला. टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, पुन्हा डोक्यावर घातली. मग त्याने विचारलं, "काय म्हनली?"

सांगायला त्या बाईने फक्त जिवंत आहे एवढंच सांगितलं होतं. त्यापुढचं आपलं सांगायचं काम आहे का, याचा नीलमने तीन-चार दिवस विचार केला होता. सगळ्या गावाच्या बातम्या ती सांगत होती, आणि ही एक तिने अजून कुणालाच सांगितली नव्हती.

"प्रतिभाबद्दल बोलल्या," ती म्हणाली.

कुशाबाने जिन्याच्या कठड्याला धरलं. तो आता उठून जाणार, असं नीलमला वाटलं. पण तो गेला नाही. खालच्या दुकानातून गिऱ्हाइकांचा, कापडाचे भाव सांगणाऱ्यांचा आवाज येत होता आणि तो त्या दिशेने बघत होता.

"झोळीत व्हती, तर सारखी इचारायची," तो म्हणाला. "आबा, किती राह्यलं? दर वळनाला इचारायची. मी आपला म्हनायचो, आलंच. आलंच, बाय. रस्ता किती हाय ते मला म्हाईत व्हतं की. तरी म्हनायचो, आलंच." त्याने कठड्यावरचा हात काढला. "मंग इचारायची थांबली. मला वाटलं, डोळा लागला. बरं वाटलं मला."

नीलमने पाणी आणून दिलं. ते त्याने प्यायलं नाही, तांब्या नुसता दोन्ही हातांत धरून बसला.

"नाव निगालं, की कानात त्येच. किती राह्यलं. म्हनून म्हनलं, नगंच ते नाव." मग जरा वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "ती मागनं चालत व्हती. तिला बी ऐकू येत आसंल."

तो तांब्या पायरीवर ठेवून, वहाणा हातात घेऊन, जिना उतरून गेला.

संध्याकाळी कॅमेरा सुरू व्हायच्या बेताला तो परत आला. तोंडावर पाण्याचे हबके मारून आला असावा, टोपीची कड ओली होती. जिनेशने घड्याळाकडे पाहिलं. नीलमने त्याला हाताने थांबवलं आणि कोरा कागद पुढे ओढला.

"लिवा," कुशाबा म्हणाला. मग त्याचे ओठ नुसतेच हलले. त्याने भिंतीला हात लावला आणि पुन्हा सुरुवात केली. "सोनीबाई लिवू नका. परतिभाची आई, असं लिवा."

नीलमने लिहिलं.

"परतिभाच्या आईला सांगनं की, रविवारी सकाळपास्नं मी नारायनगावच्या स्टँडवर बसतो. ओतूरची गाडी लागती तिथं. घरला चल म्हननार न्हाई. परतिभाचं बोलायचंय."

"खाली नाव काय घालू?"

तो विचारात पडला. "परतिभाचा बाप घाला."

बातम्यांची एक भाषा असते. कळविण्यात येते, विनंती करण्यात येते, अशी. नीलमने त्या कागदावर तसं काही लिहिलं नव्हतं. तिने तो मजकूर त्याने सांगितला तसाच, त्याच्या शब्दांत वाचला. प्रतिभा हे नाव प्रत्येक वेळी नीट, सुटं ठेवून उच्चारलं. शेवटचं वाक्य वाचून झाल्यावर पुढच्या कागदावर वरच्या आळीच्या पाण्याची बातमी होती. ती तिने वाचायला घेतली. बातम्या संपल्या तेव्हा कुशाबा खोलीत नव्हता.

रविवारी सकाळचा स्वयंपाक उरकून नीलम फॉल-पिकोला टाकलेल्या साड्या आणायच्या निमित्ताने घराबाहेर पडली. साड्या घेतल्या आणि घराकडे वळायच्या ऐवजी ती स्टँडसमोरच्या रस्त्यावर येऊन उभी राहिली. कुशाबा कट्ट्यावर बसला होता. एकटाच. गाड्या येत होत्या, जात होत्या, तो प्रत्येक गाडीतून उतरणारी माणसं बघत होता. नीलम थोडा वेळ थांबली. फार वेळ थांबता येण्याजोगं नव्हतं. रोजच्या बातम्यांमुळे येणारेजाणारे तिला ओळखत होते, बोलू बघत होते. ती घरी आली.

दुपारी सगळे झोपल्यावर तिला राहवेना. चपला पायात सरकवून ती पुन्हा गेली.

निळं लुगडं तिला रस्त्यापलीकडूनच दिसलं. दोघं कट्ट्यावर बसली होती, मध्ये एका माणसाची जागा सोडून. सोनीबाई बोलत होत्या. कुशाबा मान खाली घालून ऐकत होता. मध्येच त्याने काहीतरी म्हटलं, तशी सोनीबाईंनी मान हलवली, तसं नव्हतं, असं सांगावं तशी, आणि डावा हात जमिनीपासून थोडा वर, लहान पोरीच्या डोक्याएवढ्या उंचीवर धरून त्याला काहीतरी दाखवलं. कुशाबाने त्या हाताकडे पाहिलं.

ओतूरची गाडी लागली. कंडक्टरने दार उघडून गावांची नावं घेतली. पिशव्या सावरत बायका धावल्या, खिडकीतून रुमाल टाकून कुणी जागा धरली. कट्ट्यावरच्या दोघांनी मान वर केली नाही. घंटी वाजली, गाडी मागे सरली, वळली आणि हायवेला लागली.

सोनीबाईंचा हात अजून तेवढ्याच उंचीवर होता.