बटाट्याची खळ

लोण्याच्या सासूबाईंनी त्याला आजवर एका शब्दानं दुखावलं नव्हतं, आणि हेच त्याचं दुखणं होतं.

लोण्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. लहानपणी कुणी जरा डोळे वटारले की हा विरघळायचा, म्हणून गल्लीनं ते ठेवलं. पुढे वडिलांची बेकरी हाती आली तेव्हा ते धंद्यालाही शोभून गेलं. खाली बेकरी, वर दोन खोल्यांचं घर, मध्ये एक चिंचोळा जिना आणि त्या जिन्यातून दिवसभर वर चढणारा ताज्या पावाचा वास, असा त्याचा संसार. बायको लोकांना मोटार चालवायला शिकवायची. नवशिक्यांच्या शेजारी बसून तिचा जीव इतका मुठीत असायचा की घरी जेवताना कुणी वाटी जरा जोरात सरकवली, तरी तिचा पाय टेबलाखाली ब्रेक शोधायचा.

सासूबाईंचं आयुष्य पुस्तकं बांधण्यात गेलेलं. फाटकी पानं शिवायची, पुठ्ठ्याला खळ लावायची, वर कापड चढवायचं आणि दाबाखाली ठेवायचं. हे करता करता त्यांनी लेकीला एकटीनं वाढवलं होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डोळा बरा होईपर्यंत म्हणून लेक त्यांना इकडे घेऊन आली. आल्या त्या एक बॅग घेऊन. ती बॅग पलंगाशेजारी उभी राहिली ती उभीच. कपडे तिच्यातूनच निघायचे, धुऊन तिच्यातच जायचे. कपाटातला एक खण लेकीनं मुद्दाम रिकामा करून दिला होता. त्यात सासूबाईंनी चष्म्याचं घरसुद्धा ठेवलं नाही.

त्यांचा एक गुण म्हणा किंवा खोड म्हणा, नावं ठेवल्याशिवाय त्यांचा दिवस जात नसे. लेकीचा चहा म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. लेकीनं घडी घातलेला टॉवेल म्हणजे मांजरानं घातलेलं वेटोळं. खिडकीतून गाडी लावताना पाहिलं की विचारणार, गाडी लावलीस का फेकलीस? लेकही काही कमी नव्हती. ती म्हणायची, आई, तुझा नवा डोळा जरा जास्तच बघतोय, डॉक्टरांना सांगून थोडा जुना करून आणूया. मग दोघी हसत. जिन्यात पिठाचे हात घेऊन उभा असलेला लोण्या ते ऐके आणि आपल्याशी असं कधी कुणी भांडेल, याची वाट पाहत परत खाली जाई.

कारण त्याच्या वाट्याला यायचं ते फक्त 'छान'. एकदा टोस्ट करपून कोळसा झाला. सासूबाईंनी तो कुरूमकुरूम खाल्ला आणि तोंड पुसून म्हणाल्या, छान होता हो जावईबापू. एकदा सूपमध्ये मीठ घालायचंच राहिलं, तेही छान. त्याची शिट्टी छान, त्याची विटकी टोपी छान. इतकं छान तर दुकानातल्या अनोळखी गिऱ्हाइकानंही त्याला कधी म्हटलं नव्हतं.

तरी एक गोष्ट दोघांत होती. पहाटे लोण्या भट्टी पेटवायला उतरे, त्याच वेळी वर सासूबाई दिवा लावून डोळे मिटून बसत. पाण्याचा घोटही त्यानंतरच. वरच्या खिडकीतला तो उजेड अंगणात पडायचा आणि भट्टीचाही पडायचा. अख्ख्या गल्लीत जागे असे दोघंच. लोण्याला त्या उजेडाची इतकी सवय झाली होती की तो दिसल्याशिवाय तो पहिला पाव भट्टीत सरकवत नसे.

मग डॉक्टरांनी सांगितलं, डोळा उत्तम आहे. सासूबाईंनी त्याच दिवशी जाहीर केलं की उद्या सकाळी त्या आपल्या घरी निघणार. लेकीनं परोपरीनं विनवलं. तिथे एकटी काय करणार, पायऱ्या किती, शेजारी कोण. सासूबाई एवढंच म्हणाल्या की पाहुणीनं पाहुणीसारखं वेळेत उठावं. बायको खाली बेकरीत आली, पिठाच्या पोत्यावर बसली आणि तिनं नवऱ्याला सरळच सांगितलं.

"आई आपल्या माणसांनाच बोलते रे. तुला एकदा जरी बोलली असती ना, तर ती बॅग केव्हाच रिकामी झाली असती."

 लोण्याला आठवलं. एका संध्याकाळी सासूबाई लेकीला सांगत होत्या की बांधणीचं मोठं काम पुरं झालं की त्यांचे मालक सगळ्या कामगारांना जेवायला न्यायचे. तिथे मध आणि मिरची लावून भाजलेली अख्खी कोंबडी मिळायची, सोबत चीज घालून कुस्करलेले बटाटे. ते सांगताना त्यांनी डोळे मिटले होते, आणि ते ऑपरेशनमुळे नव्हे. निदान निरोपाचं जेवण तरी तेच द्यायचं, असं त्यानं ठरवलं. मुद्दाम बिघडवायचा विचारही मनात येऊन गेला, नाही असं नाही. पण अन्नाशी लबाडी करायला त्याचा हात धजेना.

दुपारी पाव निघाले आणि भट्टी उतरणीला लागली. हीच वेळ त्याला हवी होती. त्यानं कोंबडी कोरडी पुसली, लोण्यात लसूण, मीठ, मिरी आणि लाल तिखट कालवून ते कातडीच्या आत बोटांनी सरकवलं, पोटात लिंबू कोंबलं आणि ट्रे भट्टीत ढकलला. मध, व्हिनेगर आणि कुटलेल्या लाल मिरच्या वेगळ्या भांड्यात आटवून ठेवल्या. मध आधी लावला तर करपतो, हे बनवर साखर लावणाऱ्याला कुणी सांगायला नको. कोंबडी सोनेरी झाल्यावर त्यानं तो ब्रशनं लावला, पुन्हा आत घातली, पुन्हा काढून लावला. गोड, तिखट, आंबूस असा वास जिन्यानं वर गेला. वरून लेकीनं विचारलं की खाली कोण लग्न करतंय.

इथवर सगळं झकास होतं. घात केला बटाट्यांनी.

बटाटे उकडून, सोलून, गरम दूध, लोणी आणि किसलेलं चीज घालून त्यानं परातीत घेतले. नुसते कुस्करायचे होते. पण लोण्याचं लक्ष भट्टीकडे, मन वरच्या बॅगेकडे, आणि काळजी लागली की त्याचे हात एकच काम जाणतात. हात मळायला लागले. तळव्यानं दाबायचं, दुमडायचं, वळवायचं, पुन्हा दाबायचं. सासूबाई गेल्या तर पहाटे वर उजेड नसेल, या विचारासरशी त्यानं आणखी जोर लावला. भानावर आला तेव्हा परातीत छान तुकतुकीत गोळा तयार होता. बोट लावलं तर तो बोटाबरोबर वर आला आणि परत जायला तयार होईना. पिठाला मळलं की गुण येतो, बटाट्याला मळलं की चिकटा सुटतो, हे त्याला त्या क्षणी कळलं.

बायकोनं हाक मारली की आई बसली आहे आणि आई भुकेली आहे. दुसरे बटाटे घरात नव्हते. लोण्या ट्रे आणि परात घेऊन फाशीला निघाल्यासारखा वर चढला.

सासूबाईंनी हात जोडले, डोळे मिटले, अन्नाला नमस्कार केला. कोंबडीचा पहिला घास घेतला आणि मान डोलावली. लोण्याला कळलं, आता छान येणार. मग त्यांनी बटाट्याचा चमचा तोंडात घातला, आणि चमचा बाहेर येईना.

ओढला तेव्हा आला, पण मागोमाग चीजचा लांबलचक दोरा आला. सासूबाईंनी 'छा' म्हणायला तोंड उघडलं. वरची कवळी खालच्या कवळीला सोडेना. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. 'छ' एवढंच हवेत आलं. बायकोचा पाय टेबलाखाली ब्रेक दाबू लागला. लोण्यानं पाण्याचा पेला पुढे केला आणि सासूबाई त्या पेल्याकडे, परातीकडे आणि जावयाकडे आळीपाळीनं बघत राहिल्या. शेवटी कवळी सुटली.

"अरे, बटाटे आहेत का खळ आहे ही? लोण्या, किती मळलंस मेल्या?"

 लोण्याच्या कानात आधी 'अरे' शिरलं, मग 'लोण्या', मग 'मेल्या'. एकाहून एक गोड. त्याचा चेहरा असा फुलला की सासूबाई आणखी चिडल्या. दात काय काढतोस म्हणाल्या, आयुष्यभर खळ शिजवली पण अशी धरणारी कधी जमली नाही, हिच्यावर तर शब्दकोश बांधून निघेल. बायको हसून हसून टेबलावर पडली. ते 'जावईबापू' कुठे गेलं हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. सासूबाईंच्या तर मुळीच नाही.

त्यांनी बाह्या वर सारल्या. अन्न टाकून द्यायचं नाही हा त्यांचा नेम होता, आणि हातातलं काम बिघडलं तर ते उसवून पुन्हा करायचं ही सवय. त्यांनी जावयाला हुकूम सोडले. खाली चल, भट्टी अजून गरम आहे का बघ, रुंद ट्रे काढ, कोंबडीखाली जो रस सुटलाय तो आण. तिघंही आपापल्या ताटल्या झाकून बेकरीत उतरली.

ट्रेला लोणी फासून सासूबाईंनी तो गोळा त्यावर थापला. लोण्या मदतीला गेला तर त्याच्या मनगटावर चापट बसली. "थर पातळ ठेव आणि कडेपर्यंत ने. मध्ये ढीग केलास तर पोक येतो." त्या पुठ्ठ्याबद्दल बोलत होत्या का बटाट्याबद्दल, हे दोघांनाही कळलं नाही, पण लोण्या कडेपर्यंत पसरत गेला. वरून कोंबडीचा तिखटगोड रस, त्यावर उरलेलं सगळं चीज, आणि ट्रे भट्टीत. तिघं समोर उकिडवी बसून बघत राहिली. चीज फुगलं, बुडबुडलं, मग कडा तांबूस झाल्या.

बाहेर आलं तेव्हा वर कुरकुरीत पापुद्रा होता आणि आत लोण्यासारखं मऊ. ताटल्या खालीच आणल्या गेल्या. पोत्यांवर बसून, हातानं कोंबडीचे सांधे मोडत, बोटं चाटत तिघं जेवली. गोड आधी लागायचं, तिखट मागाहून यायचं, आणि मग बटाटा येऊन दोघांची समजूत काढायचा. सासूबाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि नावं ठेवणं काही थांबवलं नाही. तिखट हात आखडून घातलंय. मांड्या जराशा जास्त भाजल्या. आणि ती टोपी, ती तर आल्या दिवसापासून त्यांच्या डोळ्यांत खुपत होती, भिकाऱ्यानंही घेतली नसती. लोण्यानं प्रत्येक शब्द जपून ठेवला. टोपीचं ऐकून तर त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं, ते त्यानं मिरचीवर ढकललं.

हात धुताना सासूबाईंनी बजावलं की उद्या बटाटे त्या स्वतः कुस्करणार, त्यानं लांब उभं राहून बघायचं. लेकीनं हळूच आठवण करून दिली की उद्या सकाळी तर आई निघणार होती.

सासूबाई थबकल्या. हातावरचं पाणी तसंच गळत राहिलं. मग त्यांनी परातीच्या तळाला चिकटून राहिलेल्या बटाट्याकडे बोट दाखवलं.

"निघू कशी? ह्याला एकट्याला बटाट्यांपाशी सोडून?"

त्या वर गेल्या. थोड्या वेळानं कपाटाचा खण कुरकुरत उघडल्याचा आवाज जिन्यातून खाली आला, आणि पाठोपाठ खणाला कधी तेल दिलंय का कुणी, ही विचारणा. नवरा-बायको एकमेकांकडे बघत राहिले. परात घासायला त्या दिवशी नेहमीपेक्षा फार वेळ लागला, पण लोण्या ती गाणं म्हणत घासत होता.

दुसऱ्या पहाटे त्यानं भट्टी पेटवली. अंगणात वरच्या दिव्याचा उजेड पडला होता. दिवा शांत झाला, तेव्हा खिडकी उघडली.

"लोण्या, धूर कसला येतोय रे?"

धूर कसलाच नव्हता. भट्टी स्वच्छ जळत होती, पाव आत्ताच कुठे फुगायला लागले होते.

"बघतो, आई," तो म्हणाला, आणि मोठ्या आनंदानं नसलेला धूर शोधायला लागला.