वाटीभर पाण्याचं झाड

आमच्या उपसा सिंचन संस्थेचे चेअरमन आबासाहेब सहकाराचा अभ्यास करायला जपानला जाऊन आले. सहकार काय पाहिला ते त्यांनाच ठाऊक. सर्वसाधारण सभेत दाखवले ते बुटक्या झाडांचे फोटो. "शंभर वर्षांचं झाड हाय, ताटात मावतंय. वाटीभर पाण्यावर जगतंय. दुष्काळाला अशीच झाडं पायजेत," ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या. मी संस्थेचा सचिव, टाळ्यांची नोंद मीच केली.

सगळ्यात जोरात टाळ्या कचरूच्या. कचरू मोटारी भरतो, म्हणजे जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळतो. संस्थेची मोटार तेव्हा त्याच्याकडेच उघडी पडली होती. नदी कोरडी, मग घाई कुणाला? त्यानं त्या जुन्या तारेला पीळ घालून खोड केलं, फांद्या फोडल्या, टोकांना कड्या वळून पानं केली. झाड सुरेख झालं होतं, खोटं कशाला बोलू. आबासाहेबांनी त्याला शाल घातली आणि झाड आपल्या टेबलावर ठेवलं.

मार्चात धरणातून आठ दिवसांसाठी नदीला पाणी सुटलं. कचरूची चाळीस मोसंबीची झाडं त्याच पाण्याच्या आशेवर होती. बायको मालनबाईनं ती डोक्यावर हंडे वाहून जगवली होती. पण पाणी उपसायची मोटार अजून उघडीच होती, आणि जुनी तार जमा केल्याशिवाय नवी मिळत नाही, हा संस्थेचा नियम. तारेची चोरी होऊ नये म्हणून तो सुचवला होता कचरूनंच.

कचरू धापा टाकत आबासाहेबांकडे आला. "साहेब, ते झाड द्या. तार जमा करतो."

"कशापायी? ते आता संस्थेची मालमत्ता हाय. डेड स्टॉकच्या वहीत चढलंय. काढायचं तर ठराव पायजे."

"मग करा की."

"सात दिवसांची नोटीस लागती. सहकार हाय हा, माझं घर न्हाई."

मला आबासाहेबांचा लई राग आला. नोटीस मात्र मीच काढली, सुवाच्य अक्षरात.

आठव्या दिवशी सभा भरली. झाड परत द्यायचा ठराव एकमतानं मंजूर झाला. तोवर नदीत डबकी उरली होती.

"आता पाणीच न्हाई, तर तार कशाला मोडायची?" आबासाहेब म्हणाले. "राहू दे झाड. बुडाला तेवढी लाकडाची बैठक करून दे बे कचरू."

दोन महिन्यांनी बैठक घेऊन मालनबाई एकटीच आली. मोसंबीचा बुंधा, कचरूनं नीट तासलेला. तिनं तो टेबलावर ठेवला.

"घ्या साहेब. ह्याला आता वाटीभर बी पाणी लागत न्हाई."

आबासाहेबांनी बुंध्यावर झाड ठेवून पाहिलं आणि लाकूड चांगलं आहे म्हणाले. मी मालनबाईला पोच लिहून दिली.