भिंगरीसरांची काठी

शाळेच्या हॉलमध्ये, काचेच्या कपाटात ताईला ती काठी दिसली. खाली मखमल काय, वर दिवा काय, आणि पितळी पाटीवर तिच्या भावाचं नाव घालून कोरलेलं काय, तर ‘सरांची अभिनव काठी-पद्धत’. वा रे वा! मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, ते काही खोटं नाही.

भाऊ याच शाळेत गणित शिकवायचा. पण नुसता गणिताचा मास्तर असता तर काय हवं होतं? तो बासरी वाजवायचा, नाटकाचे पडदे रंगवायचा, आणि एकदा का पायात स्केट्स चढवले की हॉलभर अशा गिरक्या घेत सुटायचा की पोरांनी त्याचं नाव भिंगरीसरच ठेवलं. नवं पोर आलं की त्याचे दोन्ही हात धरायचा आणि स्वतः उलटा सरकत जायचा. पडायचं तर माझ्या अंगावर पड, म्हणायचा. एवढीच त्याची पद्धत.

मग त्याला एड्स झाल्याचं बाहेर फुटलं आणि पालक शाळेवर धावून आले. मुख्याध्यापकांनी त्याला काढलं नाही. फुकटात स्केटिंग शिकवणारा दुसरा कुठून आणणार? त्यांनी ही काठी आणून दिली. एक टोक सरांनी धरायचं, दुसरं पोराने. हाताला हात लागता कामा नये. डॉक्टरांनी शाळेत येऊन समजावलं, की बाबांनो, हात धरल्याने हा रोग होत नाही. पालथ्या घड्यावर पाणी! भावाने मुकाट काठी धरली, कारण त्याला पोरं सोडवत नव्हती. घरी आला की मात्र हात ताईच्या हातात द्यायचा आणि कितीतरी वेळ सोडायचा नाही.

आणि आज त्याच्या स्मरणाच्या कार्यक्रमात तेच मुख्याध्यापक डोळ्याला रुमाल लावून सांगत होते, की सर अल्पशा आजाराने गेले, सर म्हणजे माझा उजवा हात होते. कार्यक्रमाआधी त्यांनी ताईला बाजूला घेऊन बजावलं होतं, की त्या रोगाचं नाव तेवढं काढू नका, उगाच सरांचीच शोभा होईल. ताईही घरून ठरवून आली होती, की भावाचं नाव शाळेत लागतंय, तर आपण तोंड शिवून बसावं. पण गिळायचं तरी किती? तिला त्या रुमालाची, त्या मखमलीची, टाळ्या वाजवणाऱ्या त्याच पालकांची शिसारी आली.

फोटोसाठी मुख्याध्यापकांनी काठी बाहेर काढली. एक टोक स्वतः धरलं, दुसरं हसत हसत ताईपुढे केलं.

ताईने काठी ओढून घेतली आणि भिंतीला टेकवून ठेवली.

“माझ्या भावाला एड्स होता,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “आणि ही काठी तुमची, त्याची नव्हे. मी शेवटपर्यंत त्याचा हात धरला, तो या हाताने. धरा आता.”

मुख्याध्यापक इकडेतिकडे बघू लागले. समोर कॅमेरा होता, करतात काय? त्यांनी हात पुढे केला, बोटांची टोकं तेवढी लावली. फोटो निघाला.

मग त्यांनी हात सोडला आणि नकळत तळवा पँटला पुसला. चांगला दोनदा पुसला. वर पाहिलं, तर सगळा हॉल त्या हाताकडे बघत होता.