दोघांनी बसायचा बाक

मी एक बाक बोलतोय. हसू नका. माझ्यावर बसून इतकी माणसं इतकं बोलली आहेत, की एकदा माझी पाळी आली म्हणून काही बिघडत नाही.

माझा जन्म अलोऱ्याच्या कोयना प्रकल्पाच्या कॉलनीतला. लाकूड फणसाचं. गंगारामने ते हेदवीजवळच्या आपल्या गावाहून एसटीच्या टपावर टाकून आणलं, आणि त्याचा बाक केला शेजारच्या आमोस पप्पांनी. पप्पा वर्कशॉपमध्ये फिटर. लोखंडात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. लाकडाचं मात्र जरा वेगळं पडलं. माझे पाय त्यांनी चांगले वीतभर जास्त आत ठोकले. त्यामुळे एका टोकाला एकटा माणूस बसला की माझं दुसरं टोक वर उठतं. पप्पांनी ही चूक कधी मान्य केली नाही. "दोष बाकाचा नाही, बसणाऱ्याचा," एवढंच म्हणत.

पप्पा ल्यूथरन पंथाचे. हे काय असतं ते सांगण्यात त्यांची अर्धी नोकरी गेली. ख्रिस्ती म्हटलं की लोक त्यांना गोव्याचे समजत आणि हळूच काजूच्या दारूची चौकशी करत. मग पप्पा सांगत, आम्ही छिंदवाड्याकडचे, आमचं वेगळं. कॉलनीत त्यांच्या मंडळीची घरं इनमिन तीन. चर्च नाही. वर्षातून दोनदा पाळकसाहेब येत आणि पप्पांच्या बाहेरच्या खोलीत उपासना होई. त्या दिवशी मी आत, एरवी पडवीत. गणपतीत मंडळाची पोरं मला मागून नेत, एप्रिलात जयंतीला बौद्धवाडीची माणसं. पप्पा कुणाला नाही म्हणत नसत. परत आलो की ओल्या फडक्याने पुसून ठेवत.

संध्याकाळी माझी दोन्ही टोकं ठरलेली. एकाला पप्पा, दुसऱ्याला गंगाराम, मधे पेपर. उठणारा आधी "उठतोय रे" म्हणे, मग दुसरा सरकून मधे येई. अकरा वर्षं हे असंच चाललं.

शहाऐंशी साली पप्पांच्या शमुवेलचं लग्न झालं आणि घरात सून आली, एस्तेर. बोलायला कमी, बघायला जास्त. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पप्पांना बायबलच्या प्रत्येक आज्ञेपुढे विचारत, "म्हणजे काय?" ती सवय त्यांना जन्माची लागली. आमटी जरा अळणी झालीय म्हटलं, तरी पप्पा डोळे मिटून विचारणार, "म्हणजे काय?" पहिल्या आठवड्यातच एस्तेर शिकली. उत्तर द्यायचं नाही, मिठाची बरणी पुढे सरकवायची.

गणपती झाले आणि कॉलनीच्या कल्याण समितीची निवडणूक आली. गंगाराम उभा राहिला. समोर शाळेतल्या शालनबाई. गंगाराम एका मताने पडला. मत गुप्त होतं, पण पप्पांच्या पोटात काही गुप्त राहत नाही. मी त्या दिवशी सभेलाच होतो, माझ्यावर पुढाऱ्यांची रांग. निकाल वाचला आणि पप्पा उभे राहिले.

"गंगाराम, मी मत शालनबाईंना दिलं. त्या पाण्यासाठी साहेबांशी भांडतील. तू हसून परत येशील. मित्राला अंधारात ठेवणं मला पटत नाही."

सगळी सभा हसली. गंगाराम हसला नाही.

त्या संध्याकाळपासून माझं एक टोक रिकामं. पप्पा मधोमध बसू लागले. पेपर उघडायचा आणि पान उलटायचं नाही. असे तीन महिने गेले.

नाताळाआधीच्या रविवारी पाळकसाहेब यायचे होते. शेजाऱ्याशी अबोला ठेवून प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, घ्यायचं नाही, ही पप्पांची शिस्त. या वेळी राहिलं तर पुढचं सहा महिन्यांनी. शनिवारी संध्याकाळी एस्तेर पडवीत तांदूळ निवडत होती आणि पप्पा माझ्यावर बसून तळमळत होते.

"माफी मागायची तर कशाची मागू? मत मी विचार करून दिलं. त्याची माफी मागितली तर तेच खोटं होईल."

एस्तेरने एक खडा वेचून बाजूला टाकला. "मताची नका मागू, पप्पा."

"मग?"

"चारचौघांत सांगितलंत ना, तेव्हा तुम्हाला स्वतःचं जरा कौतुक वाटलं होतं. तेवढ्याची मागा."

पप्पांनी डोळे मिटले. मी वाट बघत राहिलो, पण त्या दिवशी त्यांनी "म्हणजे काय?" विचारलंच नाही.

रविवारी सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून पडवीत आले. ओठांत शब्दांची जुळवाजुळव चाललेली. त्या नादात तीन महिन्यांचं विसरून आपल्या जुन्या जागी, टोकाला बसले. मी काय करणार? उठलो. पप्पांनी भिंत धरली. शेजारच्या पडवीत गंगाराम तोंडात ब्रश घेऊन उभा होता. दोन ढांगांत मधली अर्ध्या उंचीची भिंत ओलांडून आला आणि धपकन दुसऱ्या टोकावर बसला. मी जमिनीला टेकलो.

मग पप्पा म्हणाले, "त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललो. मोठा खरा माणूस दिसायची हौस मला. चुकलं माझं."

गंगारामने अंगणात चूळ टाकली. "मताचा काय नाय रे. मी उभा नसतो तर मीपण शालनबाईलाच दिला असता. पन एका मताने पडलो, ता टोचता. आमच्या बायकोनेपन, येसूबाईने, तिलाच दिलाय, तोंडावरून कळता. अजून कबूल करत नाय. तिच्यासंगती भांडलो तर जेवायचा कुठे? म्हनून तुझ्यासंगती भांडलो."

दारात एस्तेर चहाचे दोन कप घेऊन उभी होती. दोन. तिने ते आधीच ओतले होते.

त्या दिवशी उपासनेला मी आत गेलो आणि माझ्यासोबत गंगारामही. प्रभुभोजनासाठी पप्पा माझ्यावरून उठून पुढे गेले, जाताना सवयीने "उठतोय रे" म्हणाले, आणि गंगाराम निमूट सरकून मधे आला. पाळकसाहेबांना वाटलं, नवा माणूस मंडळीत आला. त्यांची समजूत कोणी मोडली नाही.

मागे शमुवेल हातोडी घेऊन माझे पाय बाहेर सरकवायला आला, तेव्हा दोघेही एकदम ओरडले, "हात लावू नको!"

आता येत्या जूनला पप्पा निवृत्त होतायत, क्वार्टर सोडायचं आहे. मला कोणी न्यायचं यावर रोज संध्याकाळी वाद चालतो. "लाकूड तुझं, तू ठेव." "काम तुझा, तू ने." निकाल लागत नाही, आणि लागावा अशी माझीही घाई नाही. पुढेमागे कुणाच्या पडवीत मी तुम्हाला दिसलोच, तर माझं एवढं ऐका. एकटे असाल तर मधे बसा. आणि टोकालाच बसायचं असेल, तर ज्याच्याशी बोलणं बंद आहे, त्याला हाक मारून बसा.