घड्याळजींचे चार तास

“चार तासांच्या प्रवासाला एवढा बाडबिस्तरा! माणूस चाललंय की बिऱ्हाड?” घड्याळजी बायकोच्या कानाशी कुरकुरले. ती जावेसाठी मानेखाली घ्यायची उशी शिवत होती. तिने वर पाहिलंसुद्धा नाही.

उद्या सकाळी वहिनी विमानाने लेकाकडे निघणार होती. तिकीट घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून वाचलं होतं. दहाला सुटतं, दोनला उतरतं. उभा जन्म घड्याळांच्या काट्यांत घालवलेल्या माणसाला वजाबाकी कोण शिकवणार? महिनाभर ते गल्लीत सांगत सुटले होते, “चार तास हो! माझ्या सासुरवाडीच्या बसला पाच लागतात. आठवण आली की जाईन आणि येईन.”

“चार नाही, साडेचौदा,” बॅगेची चेन ओढता ओढता वहिनी म्हणाली. “दोन वाजतात ते तिथले. ते लोक आपल्या साडेदहा तास मागे. बारा हजार किलोमीटर आहे, बारक्या.”

“दुकानात पन्नास घड्याळं पन्नास वेगवेगळ्या वेळा दाखवतात,” बायको म्हणाली, “त्यांच्यात बसून एवढंही कळलं नाही होय?”

दोघी जावा पोट धरून हसल्या. घड्याळजी मात्र तिकिटावर पुन्हा भिंग धरून बसले.

छप्पन वर्षांच्या दिराला वहिनी अजून बारक्याच म्हणे. ती लग्न होऊन आली तेव्हा तो सात वर्षांचा होता. आई गेलेली, नाक पुसायचं भान नाही. तिने त्याला न्हाऊ घातलं, पाढे घोकून घेतले. तिचं लग्नातलं घड्याळ त्याने उघडून त्याचे तुकडे तुकडे केले, तेव्हा तिने ते डबीत भरून त्याच्याच हाती दिलं. “सावकाश जोड,” म्हणाली. त्याला दीड वर्ष लागलं. तोवर ती शेजारणीला वेळ विचारत राहिली, पण एका शब्दाने बोलली नाही. पुढे त्याचं पोट त्यावरच चाललं.

“आणि येतानाचं तिकीट?” त्यांनी विचारलं.

बायकोने दातांनी दोरा तोडला. थोरला भाऊ गेल्यापासून वहिनीचे गुडघे आणि घरातले जिने, दोघांचं जमेनासं झालं होतं. लेक तिला कायमची बोलावत होता. पण घरात सगळे एकच पालुपद धरून होते.

“थंडी सरली की बघू,” वहिनीनेही तेच म्हटलं. चेन मध्येच अडकली होती. घड्याळजींनी खिशातून चिमटा काढला, दात सरळ केला आणि चेन शेवटपर्यंत ओढली. हात तिथेच राहिला.

“वहिनी, तू आता परत यायची नाहीस.”

“नाही रे,” ती म्हणाली.

“मग आत्ताच सांगतो. पुन्हा जमायचं नाही. आई कशी होती, मला आठवत नाही. आणि त्याचं मला कधी काही वाटलं नाही, ते तुझ्यामुळे.”