टाकीवाली बाई

नांदेडच्या सरकारी तंत्रनिकेतनात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या पंचशीलाला समुद्र फार उशिरा भेटला, आणि तोही काचेच्या टाकीत. माशांच्या दुकानात एकदा तिनं जिवंत कोरल पाहिलं. दगडासारखं दिसणारं ते काहीतरी पाण्यातला चुना ओढून स्वतःचा सांगाडा बांधतं, हे पुस्तकात तिनं वाचलं होतं. डोळ्यांनी पाहिल्यावर ती तिथून हललीच नाही. वर्षभरात तिच्या हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची मोठी टाकी उभी राहिली. नवरा धम्मदीप पाटबंधारे खात्यात इंजिनीअर. समुद्रापासून इतक्या लांब राहून हिनं समुद्रच घरात आणला, असं तो येईल त्या पाहुण्याला सांगायचा.

कोरल वाढतं तसं पाण्यातलं कॅल्शियम संपत जातं, आणि त्याच्याबरोबर पाण्याची क्षारता, म्हणजे अल्कलिनिटीही उतरते. म्हणून रोज दोन द्रावणं टाकीत सोडावी लागतात, तीही वेगवेगळ्या कोपऱ्यांत. एकत्र पडली की पाणी दुधासारखं होऊन चुना तळाशी बसतो. टाकीतल्या चमचाभर पाण्यात तपासणीचे थेंब टाकून रंग बघायचा, उतरलंय किती ते ओळखायचं आणि तेवढंच भरून काढायचं. क्षारता थोडी कमी असली तरी कोरल निभावून नेतं. एकदम वरखाली झाली की मरतं.

लातूरच्या उज्वलाला हे कुणी सांगितलं नव्हतं. ती बालरोगतज्ज्ञ शिवशंकर यांची बायको. मुलगा पुण्याला शिकायला गेल्यावर घर खायला उठलं म्हणून तिनं टाकी घेतली, आणि कोरल मरायला लागल्यावर नांदेडच्या दुकानदाराकडून पंचशीलाचा नंबर मिळवला. पहिल्याच फोनवर ती रडली. पंचशीलानं तिला टेस्ट किट कशी वापरायची ते व्हिडिओ कॉलवर दाखवलं, पुढच्या सुट्टीत बसनं लातूर गाठलं आणि दिवसभर बसून तिचा द्रावण आपोआप थेंबाथेंबानं सोडणारा डोसिंग पंप लावून दिला. त्यानंतर दोघींचं रोजचं बोलणं सुरू झालं. पाण्यापासून सुरुवात व्हायची आणि गाडी सासूवर, सुट्ट्यांवर, गुडघ्यांवर जायची. पंचशीलानं आपल्या कोरलच्या फांद्या तोडून तिला दिल्या. एकीची टाकी गेली तर दुसरीकडे बेणं राहावं म्हणून.

"ताई, तू लातूरला बदली करून घे," उज्वला नेहमी म्हणायची. "आमचा खालचा मजला रिकामाच हाय. मग मी वरून नुसती हाक मारीन."

बदली झाली. धम्मदीपला आधी लातूर मिळालं आणि पती-पत्नी एकत्रीकरणात पंचशीलालाही. ऑर्डर हातात पडताच तिनं पहिला फोन उज्वलाला केला. उज्वला आनंदानं बोलली, पण खालच्या मजल्याचं नाव तिनं काढलं नाही. पंचशीलानंच काढलं. घरात विचारून सांगते, असं म्हणून तिनं फोन ठेवला. चार-आठ दिवसांनी निरोप आला, की सासूबाई म्हणतात मजला आता भाड्यानं द्यायचाच नाही, पाहुण्यारावळ्यांना लागतो.

पंचशीलानं ते खरं मानलं. धम्मदीपनं मानलं नाही. घर शोधायला दोघं लातुरात फिरले, तेव्हा एके दुपारी ती उज्वलाकडे डोकावली. दारात टेम्पो उभा होता. खालच्या मजल्यात कपाट नेत होते. एका बँकेच्या साहेबाचं बिऱ्हाड येत होतं.

उज्वला जिन्यावरून खाली आली आणि तिचा चेहरा उतरला. मग ती भराभरा बोलू लागली. तुझी टाकी किती जड, फरशी खचली असती, बांधकाम जुनं आहे.

"तळमजल्याची फरशी जमिनीवरच असते, उज्वला," पंचशीला म्हणाली.

उज्वला हळूच म्हणाली, "माझं काही नाही गं. सासूबाईंचं सोवळं तुला ठाऊकच हाय. त्यांचे देव खालीच, जिन्यापाशी हायेत."

"ठाऊक आहे. तू ते टाकीवर ढकलशील, हे ठाऊक नव्हतं."

शेवटी गावाच्या दुसऱ्या टोकाला तिसऱ्या मजल्यावर घर मिळालं. घरमालक भला माणूस होता, पण एवढ्या वजनाची टाकी वर चढवू देणार नाही हे त्यानं आधीच सांगितलं, आणि त्याचं कारण खरंच वजन होतं. मासे नांदेडच्या दुकानदारानं नेले. कोरल राहिले. इतक्या वर्षांचे, बोटाएवढ्या तुकड्यांपासून वाढवलेले. त्यांना मुरलेलं पाणी लागतं, नव्या पाण्यात ते जगत नाहीत. तसं पाणी लातुरात एकाच घरात होतं.

उज्वलानं आपणहून फोन केला. "कोरल माझ्याकडे ठेव, ताई. मी जिवापाड सांभाळीन."

धम्मदीप तेवढं ऐकून हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. "म्हणजे आपले कोरल चालतात त्यांना," तो म्हणाला.

पंचशीलाही मनातून तेच म्हणत होती. पण बादलीत झडून जाताना बघण्यापेक्षा बरं, असं तिनं स्वतःला समजावलं. थर्मोकोलच्या डब्यांत भरून, मांडीवर धरून तिनं ते नेले. खालच्या मजल्याच्या दारात बँकेच्या साहेबांची बायको रांगोळी काढत होती. पंचशीला रांगोळीला वळसा घालून वर गेली आणि स्वतःच्या हातानं एकेक तुकडा उज्वलाच्या दगडांवर चिकटवला. आता खाणारी तोंडं वाढली, तर डोसही वाढवावा लागेल, पण रोज थोडा थोडा, हे तिनं पुन्हा पुन्हा सांगितलं. उज्वला मान डोलावत राहिली.

मग पंचशीला दर रविवारी जाऊ लागली. थेंब मोजायचे, पंपाच्या नळ्या धुवायच्या, बाटल्या भरून ठेवायच्या. दोघींमध्ये आता पाण्याशिवाय बोलणं नसे. कोरल मात्र फोफावले. जांभळ्या फांद्यांच्या टोकांना नवी पांढुरकी वाढ फुटली. तुकडे दगडाला असे धरून बसले की आता काढू म्हटलं तरी निघाले नसते.

एका रविवारी उज्वलाकडे पाहुणे होते. शिवशंकरांचे डॉक्टर मित्र, त्यांच्या बायका. सगळे टाकीभोवती उभे राहून वाखाणत होते आणि उज्वला प्रत्येक फांदीचं नाव सांगत होती. पंचशीला बाजूला वाकून बाटलीत द्रावण ओतत होती. त्यांतल्या एकीनं विचारलं, ह्या कोण?

सासूबाई, कस्तुराबाई, दारातच बसलेल्या. त्या म्हणाल्या, "ती व्हय? टाकीवाली बाई हाय. ऐतवारी येती."

उज्वलानं ऐकलं. पंचशीलानं तिच्याकडे पाहिलं, आणि उज्वलानं पाहुणीला दुसरी फांदी दाखवली.

पंचशीलानं बाटली पूर्ण भरली, झाकण घट्ट लावलं, हात पुसले आणि निघाली. त्यानंतर ती गेली नाही. उज्वलाचे निरोप आले, बरं नाही का, कॉलेजात काम आहे का. तिनं परीक्षा आहेत एवढंच कळवलं. कोरल परत मागावेत असं तिच्या मनात अनेकदा आलं, पण मागून ठेवायचे कुठे? आणि दगड फोडल्याशिवाय ते सुटणारही नव्हते.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी उज्वलाचा फोन आला. आवाज पहिल्या फोनसारखाच होता. सणाच्या गडबडीत एक बाटली कधी संपली ते कळलं नाही. तपासलं तर क्षारता पार खाली गेलेली. घाबरून तिनं घरात होतं तेवढं सगळं द्रावण एकदम ओतलं. पाणी पांढरं झालं, आणि कोरलची साल उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी निघत होती.

"आता काहीच टाकू नको," पंचशीला म्हणाली. "पंप बंद कर. मिठाचं पाणी तयार आहे?"

"नाही."

"मग आत्ता कर. ढवळून मुरू दे आणि टाकीतलं पाणी थोडं थोडं बदल. घाई करू नको."

"माझ्यानं नाही होणार. तू ये ना, ताई. मी गाडी पाठवते."

अर्ध्या तासात पोचता आलं असतं. धम्मदीप पेपर खाली करून तिच्याकडे बघत होता. तिच्या डोळ्यांपुढे ती जांभळी टोकं आली. ती आपली होती, एकेक बोटांनी चिकटवलेली.

"सांगितलं तसं कर," ती म्हणाली. "मी येणार नाही."

"एवढं मनाला लावून घेतलंस?"

पंचशीलानं फोन ठेवून दिला. तिनं स्वयंपाक केला, जेवली, ताटं घासली. धम्मदीपनं विचारलं, जायचं का, मी सोडतो. ती नको म्हणाली. तिला हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही.

टाकी गेली. उज्वलानं पाणी मुरू दिलं नाही, कच्चंच ओतलं, हे नंतर दुकानदाराकडून कळलं. पाणी कालवून लगेच ओतलं हे तिनंच त्याला सांगितलं होतं, आणि वर म्हणाली होती, की पंचशीलाताईनं फोनवर सांगितलं तसंच केलं आणि सगळं गेलं. दुकानदारानं ते हसत सांगितलं. पंचशीलानं खुलासा केला नाही. कुणापुढे करायचा होता?

महिन्याभरानं तंत्रनिकेतनाच्या गेटवर तिच्या नावानं एक पिशवी आली. शिपायानं प्रयोगशाळेत आणून दिली. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले तिच्या कोरलचे सांगाडे होते, ब्लीचनं धुऊन पांढरेशुभ्र केलेले. सोबत उज्वलाचा मेसेज: तुझे होते म्हणून पाठवले. शोकेसमध्ये फार सुंदर दिसतात. आता गोड्या पाण्याचे मासे आणलेत, काही कटकट नाही.

पोरं ब्युरेट लावून वाट बघत होती. एकीनं विचारलं, मॅडम, हे काय आहे?

"चुना आहे," पंचशीला म्हणाली.

तिनं पिशवी टेबलाखालच्या कचऱ्याच्या डब्यात ठेवली आणि फळ्यावर प्रयोगाचं नाव लिहायला वळली.