दोनशे नव्वद किलो

"आधी बाजूला व्हा बघू. दारात उभं राहून उजेड अडवताय," ती म्हणाली.

सासूबाई बाथरूमच्या फरशीवर पाय पसरून बसल्या होत्या. स्टुलावरून उठताना घसरल्या होत्या. लागलं नव्हतं, पण उठताही येत नव्हतं. तिने मागून त्यांच्या काखांत हात घातले, गुडघे वाकवले आणि एका दमात त्यांना उभं केलं.

"पाठ अजून सरळ हवी होती तुझी," दारातून नवरा म्हणाला.

"तू गप रे," सासूबाई धापा टाकत म्हणाल्या. "जन्मभर लोखंड उचललंस. आईला उचलायची वेळ आली तर शिकवणी घेतोस होय?"

तो हसला. मग हसणं आपोआप बंद पडलं आणि कमरेचा पट्टा नीट करत तो पलंगावर जाऊन बसला. मणक्यात चार स्क्रू, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, रक्तदाबाच्या तीन गोळ्या, आणि पाच किलोच्या वर काहीही उचलायला डॉक्टरांची बंदी. वय बावन्न. पाण्याची बादलीसुद्धा तीच उचलायची. कंपनीने त्याला गोदामातून काढून गेटवर वही लिहायला बसवलं होतं. पण पॉवरलिफ्टिंगच्या क्लबात अजून त्याला 'क्रेन' म्हणत. तेवीस वर्षांपूर्वी दोनशे नव्वद किलो खांद्यावर घेऊन तो पूर्ण बैठकीतून उठला होता. राज्याचा विक्रम. तो अजून कुणाला मोडता आला नव्हता.

त्याच सकाळी उस्तादांचा फोन आला. क्लबाचे जुने कोच. सगळे त्यांना उस्तादच म्हणत. रविवारच्या स्पर्धेत एक पठ्ठ्या दोनशे साडेब्याण्णव किलो उचलायला मागणार होता. पदक क्रेनच्या हातून द्यायचं ठरलं होतं.

"येतो की," तो म्हणाला. फोन ठेवून त्याने तिला सगळं सांगितलं.

"मोडेल?" तिने विचारलं.

"मोडायलाच पाहिजे. तेवीस वर्षं म्हणजे डोक्यावरून पाणी," तो म्हणाला. पुढ्यातला चहा मात्र तसाच निवून गेला.

ती कपडे अल्टर करून देणाऱ्या दुकानात कामाला होती. शनिवारी तिने दुकानातल्या मशीनवर त्याचा कोट चार बोटं आत घेतला. अंगात घालून बघताना तो म्हणाला, "अजून थोडा सैल वाटतोय."

"आता कोट कमी नाही करता येणार," ती म्हणाली. "तुम्हीच भरा जरा."

रविवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये शिरताच तोच जुना वास आला: मलम, घाम, हाताला लावायची पांढरी पावडर. उस्ताद थकले होते, पण आवाज तोच. "या वहिनी! क्रेन, अरे केवढा वाळलास!"

मागच्या खोलीत तो पठ्ठ्या बाकावर पाय लांब करून बसला होता. लेथवर काम करणारा, सव्वीस वर्षांचा, मान डोक्याएवढी रुंद. त्याची बायको, चोवीस-पंचवीसची मुलगी, खाली बसून त्याच्या गुडघ्याला पट्टी गुंडाळत होती.

"वरच्या फेऱ्याला ढिली राहिली," क्रेनच्या बायकोच्या तोंडून निघून गेलं. "ओढून घे. त्याला दुखलं पाहिजे."

मुलीने वर बघितलं. "तुम्ही बांधायचात, काकू?"

"अठरा वर्षं." तिने हात पदराआड घेतले. बोटांची पेरं आता सुजलेलीच असत.

मुलगी क्रेनकडे वळली. "काका, एक विचारू? खरं सांगाल? आमच्याकडे यावरून रोज भांडण आहे. पन्नाशीला काय राहतं हो यातलं?"

"अगं, आत्ता काय हे?" पठ्ठ्या वैतागला. उस्तादांनी घसा खाकरला.

पण क्रेनने खुर्ची ओढली, सावकाश बसला आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. स्क्रू, गुडघे, गोळ्या, जिना एकेक पायरी धरून चढणं. आईला फरशीवरून उचलता न येणं. मुलीचा चेहरा उतरत गेला.

"मग नकोच ना," ती म्हणाली.

"तसं नाही." तो पठ्ठ्याकडे बघत होता. "त्या दिवशी दोनशे नव्वद घेऊन खाली गेलो ना, तेव्हा वाटलं, संपलं. डोळ्यांपुढे काळोख. आणि मग उठलो. नऊ सेकंदांचा खेळ सगळा. पण परत जन्म दिला आणि हीच किंमत मागितली, तर परत देईन. सगळी. कमी करा म्हणणार नाही."

उस्तादांनी त्याची पाठ थोपटली. पठ्ठ्याचे डोळे चमकले. दारापाशी उभ्या असलेल्या बायकोकडे क्रेनने पाहिलं नाही.

तिघेही पुरुष सरावाच्या वजनाकडे गेले. दुसरी पट्टी गुंडाळून ठेवायला ती मुलीजवळ बसली.

"मूल आहे?"

"अजून नाही. बघतोय."

"ताकदीच्या गोळ्या घेतो का काही?"

"छे! उस्तादांनी विचारलं होतं, हा नाही म्हणाला. आईची शपथ घेतलीय माझ्यापुढे."

"बुटात बघ," ती म्हणाली. "आतल्या तळव्याखाली."

"काकू, तो तसला नाहीये."

"माझाही नव्हता."

तेवीस वर्षांपूर्वी ती सत्तावीस वर्षांची होती. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, या गोळ्या दोन वर्षं बंद करा, मग मुलाचं बघू. त्याने आईची शपथ घेतली. स्पर्धेला महिना उरला असताना त्याचे बूट उन्हात ठेवताना तिला गोळ्यांची पट्टी सापडली. ती बोलली नाही. पट्टी होती तिथे परत ठेवली. स्पर्धेच्या दिवशी तिनेच त्याचे गुडघे बांधले, कुठे ढील राहू दिली नाही. तो दोनशे नव्वद घेऊन उठला तेव्हा सगळा हॉल ओरडत होता आणि त्यात तीही टाळ्या वाजवत होती. गोळ्या सुटल्या तोवर तिची चाळिशी उलटली होती. बाकी सगळ्याचं तिने स्वतःशी काही ना काही उत्तर शोधलं होतं. त्या टाळ्यांचं सापडलं नव्हतं.

पठ्ठ्याने दुसऱ्या प्रयत्नात वजन घेतलं. खाली गेला, क्षणभर अडकला, थरथरला, आणि उठला. तिन्ही पंचांचे पांढरे दिवे लागले; विक्रम मोडला. क्रेन उभा राहून टाळ्या वाजवत होता आणि त्याचे गाल ओले झाले होते. पदक घालताना त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. पठ्ठ्या गुडघ्यावर बसला, मान वाकवली. लोकांना ते फार आवडलं. मुलगी पहिल्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसली होती.

बसथांब्यावर दोघंच होती.

"पोरानं चांगलं घेतलं," तो म्हणाला. "बैठकीत खोलही गेला."

तिने पर्समधून तिकिटाचे सुटे पैसे काढले.

तो म्हणाला, "मघाशी मी खोटं बोललो असतो, तर तुला बरं वाटलं असतं का?"

"हो," ती म्हणाली.

बस आली. पायरी उंच होती. अशा वेळी ती नेहमी आधी त्याला खांदा द्यायची. आज ती सरळ चढली, खिडकीशी बसली आणि शेजारच्या सीटवर पर्स ठेवली. तो दोन्ही दांडे धरून वर आला, एक पाय, मग बऱ्याच वेळाने दुसरा. त्याने पर्सकडे पाहिलं आणि थोडा पुढे जाऊन उभा राहिला. प्रत्येक ब्रेकला त्याचे गुडघे मुडपत होते.

तीन थांबे गेल्यावर तिने पर्स उचलून मांडीवर घेतली. त्याचं लक्ष नव्हतं. तिनेही हाक मारली नाही. पुढच्या थांब्यावर भाजीची पिशवी घेतलेली एक बाई चढली आणि त्या जागेवर बसली.